काचबिंदूचे थेंब आणि पर्वतीच्या पायऱ्या : एक प्रकरण अभ्यास

दृष्टीची नस हळूहळू निकामी करणाऱ्या काचबिंदूवर सर्वांत चांगला थेंब कोणता, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते. डोळ्यातला दाब कोणत्या औषधाने किती उतरतो, याचे आकडे माझ्याकडे असतात आणि त्या आकड्यांच्या आधारे उत्तर देणे सोपे असते. पुण्यातील माझ्या दवाखान्यात घडलेले हे प्रकरण मी लिहीत आहे, कारण येथे आकडे बरोबर आले आणि तरीही माझी निवड चुकली. रुग्णाने लिहिण्यास संमती दिली आहे. ओळख पटू नये म्हणून वय, पेशा आणि घराचा परिसर यांत थोडे बदल केले आहेत. तपासणीच्या खोलीत मी त्यांना काका म्हणते, म्हणून येथेही तसेच म्हटले आहे.

पार्श्वभूमी

काका ६६ वर्षांचे. छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. दांडेकर पुलाच्या बाजूला राहतात आणि गेली अनेक वर्षे पहाटे पर्वती चढण्याचा त्यांचा नेम आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर ते चष्म्याचा नंबर तपासायला आले. तक्रार एवढीच होती, की वाचताना मधेच ओळ सुटते. आयुष्यभर एकेक काना-मात्रा तपासणाऱ्या माणसाला ओळ सुटणे फार लागले होते. दोन महिन्यांत त्यांनी दोन चष्मे केले होते आणि दोष चष्मेवाल्याला दिला होता.

चष्मा लावून त्यांची नजर दोन्ही डोळ्यांत ६/६ होती, म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ ते न अडखळता वाचत होते. दाब मात्र उजव्या डोळ्यात २८ आणि डाव्यात २६ मिलिमीटर पारा भरला. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ च्या दरम्यान असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी ५१५ मायक्रॉन, म्हणजे सरासरीपेक्षा कमी होती, आणि पडदा पातळ असला की यंत्र दाब खऱ्यापेक्षा थोडा कमीच दाखवते. दृष्टीच्या नसेच्या मध्यभागी असलेला खळगा उजवीकडे बराच मोठा झाला होता. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत, जिला आम्ही फील्ड टेस्ट म्हणतो, उजव्या डोळ्याच्या वरच्या भागात कमानीसारखा अंधारा पट्टा आला आणि तो मध्यबिंदूच्या अगदी जवळून जात होता. ओळ सुटण्याचे कारण तेच होते. डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा होता. निदान उघड्या कोनाचा काचबिंदू असे झाले. उजवीकडे मध्यम, डावीकडे सुरुवातीचा.

घराण्यात कोणाला हा त्रास होता का, असे विचारल्यावर काका म्हणाले, थोरल्या भावाला साठीनंतर दिसेनासे झाले होते, घरात सगळे त्याला मोतीबिंदूच म्हणत. ऑपरेशनने परत न आलेली ती नजर बहुधा काचबिंदूनेच गेली असावी.

नसेची अवस्था पाहून दोन्ही डोळ्यांचा दाब १६ किंवा त्याखाली आणायचे मी ठरवले. दाब एक मिलिमीटरने कमी झाला, तर आजार पुढे सरकण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांनी घटते, असे स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासात दिसले आहे, त्यामुळे १९ आणि १६ यांतला फरक किरकोळ मानता येत नाही.

लॅटानोप्रॉस्ट ०.००५ टक्के, रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, अशी सुरुवात केली. हे प्रोस्टाग्लँडिन वर्गातले औषध आहे; डोळ्यातील पाण्याला बाहेर पडायला ते दुसरी वाट मोकळी करून देते, दाब साधारण २५ ते ३३ टक्क्यांनी उतरवते आणि दिवसातून एकदाच लागते. अंगावर होणारा त्रास कमी, म्हणून बहुतेकांना आम्ही याच वर्गापासून सुरुवात करतो. डोळे थोडे लाल होणे, पापण्यांचे केस लांब व काळे होणे, बुबुळाचा रंग गडद होणे, डोळ्याभोवतीची चरबी झडून खाच पडणे, हे त्याचे दुष्परिणाम मी सांगितले. त्याच दिवशी लेझरचा पर्यायही मांडला होता. काका म्हणाले, "लेझर म्हणजे ऑपरेशनच ना, मॅडम? मग आधी थेंबांनी बघू." मी तो विषय तेथेच सोडला.

अडचण

सहा आठवड्यांनी, नोव्हेंबरअखेर, दाब उजवीकडे २० आणि डावीकडे १९ आला. औषधाने आपले काम चोख केले होते, पण मुक्काम अजून दूर होता. उजव्या डोळ्यातला पट्टा मध्यबिंदूला टेकण्याच्या बेतात असताना आणखी सहा महिने वाट पाहणे मला धोक्याचे वाटले. दुसरे औषध जोडायचे होते, आणि कोणते, हाच प्रश्न होता.

कोणते पर्याय होते

एक वाट त्याच वर्गातले औषध बदलण्याची होती. बायमॅटोप्रॉस्टने काही रुग्णांत दाब आणखी एखादा मिलिमीटर उतरतो, पण डोळे जास्त लाल होतात, आणि येथे एका मिलिमीटरने भागणार नव्हते.

दुसरे नाव टिमोलॉल. हे बीटा ब्लॉकर औषध १९७८ मध्ये अमेरिकेत आले आणि त्यानंतर दोन दशके काचबिंदूचा उपचार मुख्यतः त्याच्यावर चालला. ते डोळ्यात तयार होणारे पाणीच कमी करते. एकटे दिले तर दाब २० ते २५ टक्के उतरतो. ते स्वस्त आहे, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, झोंबत नाही आणि लॅटानोप्रॉस्टसोबत एकाच बाटलीतही येते. त्याची दुसरी बाजू दवाखान्यात शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते : दमा असेल तर देऊ नये, हृदयाचे ठोके मंद असतील किंवा हृदयातील विद्युत वहनात अडथळा असेल तर देऊ नये.

डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड ही तिसरी जोडी. दाब १५ ते २० टक्के कमी होतो, छातीला आणि हृदयाला त्रास होत नाही, पण दिवसातून दोन ते तीन वेळा घालावे लागते. डॉर्झोलामाइड घातल्याबरोबर झोंबते. ब्रिन्झोलामाइड कमी झोंबते, मात्र ते दुधाळ असते, बाटली हलवून घ्यावी लागते आणि नंतर काही मिनिटे धूसर दिसते. दोन्हींनी तोंडाला कडवटपणा येतो, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्याला ती जपून द्यावी लागतात.

ब्रिमोनिडिन हा चौथा पर्याय. दाब चांगला उतरतो, पण तोंड कोरडे पडते, गुंगी येते, रक्तदाब थोडा उतरू शकतो, आणि काही महिन्यांनी डोळा लालभडक होऊन खाजू लागल्यामुळे औषध बंद करावे लागणारे रुग्ण थोडेथोडके नसतात. काका अजून स्कूटर चालवतात, म्हणून गुंगीचा विचार करणे भाग होते. नेटारसुडिल हे नव्या वर्गातले औषध रात्री एकदाच घालावे लागते, पण त्याने डोळे खूप लाल होतात आणि दरमहा पडणारा खर्चही जास्त आहे.

लेझर होतेच. शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नव्हती.

पहिला निर्णय

मी काकांना विचारले, "दमा आहे का?" ते म्हणाले, "नाही." मी विचारले, "हृदयाचा काही त्रास?" उत्तर पुन्हा "नाही". नाडी ७४ होती. फाइलमध्ये 'दमा – नाही' असे लिहिले आणि लॅटानोप्रॉस्ट व टिमोलॉल एकत्र असलेली बाटली लिहून दिली. बाटली एकच, वेळही आधीचीच आणि घालायचा थेंबही वाढत नव्हता. वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारात थेंब जितके वाढतील तितके ते विसरले जातात, हे मी रोज पाहते. त्यामुळे माझा हिशेब त्या दिवशी अविचाराचा नव्हता.

डिसेंबरअखेर काका परत आले तेव्हा दाब उजवीकडे १६ आणि डावीकडे १५ होता. मला मनापासून आनंद झाला आणि तो मी बोलूनही दाखवला. त्या भेटीत काका बोलता बोलता दोनदा खोकले होते. आज ते मला स्पष्ट आठवते. फाइलमध्ये त्याची नोंद नाही.

नंतर काय घडले

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. काका त्या न थांबता चढत. डिसेंबरात ते अर्ध्यावर थांबू लागले आणि जानेवारीत पायथ्याशीच बाकावर बसू लागले. पहाटे तीनच्या सुमाराला खोकल्याने जाग येई, छातीत घुरघुर होई. पुण्यात त्या दिवसांत कडाक्याची थंडी होती, कानटोपी घालूनही खोकणारी माणसे घरोघरी होती, म्हणून सगळ्यांनी थंडीलाच बोल लावला. धाप वाढल्यावर घरचे त्यांना फिजिशियनकडे घेऊन गेले. वय ६६ आणि चढताना धाप, म्हणजे आधी हृदय तपासायचे, हे योग्यच होते. ईसीजीत ठोके ५० निघाले, बाकी काही नव्हते. टूडी एको चांगला आला, छातीचा एक्स-रेही स्वच्छ होता. छातीत शिट्टीसारखा आवाज ऐकून डॉक्टरांनी सॅल्ब्युटामॉलचा पंप दिला. त्याने म्हणावा तसा आराम पडला नाही.

कोणती औषधे चालू आहेत, असे तेथे त्यांना विचारले होते. काकांनी रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली. थेंबांचा उल्लेख त्यांनी केला नाही, कारण त्यांच्या लेखी औषध म्हणजे पोटात जाणारी वस्तू आणि थेंब डोळ्याचे, डोळ्यापुरते.

टेबलावरचा पंप

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काका काकूंना घेऊन ठरलेल्या तपासणीला आले. दवाखान्याच्या पायऱ्या चढून आल्यामुळे त्यांना वाक्य पूर्ण करता येत नव्हते. काकूंनी फाइल काढण्यासाठी कापडी पिशवी टेबलावर पालथी केली, तेव्हा चष्म्याचे घर, गोळ्यांचे पाकीट आणि थेंबांची बाटली यांच्यासोबत निळा पंप घरंगळत माझ्या हातापाशी आला.

"हा कोणाचा?"

"यांचाच. थंडीचा दिलाय," काकू म्हणाल्या.

"काका, तुम्हाला दमा नाही म्हणाला होता."

"दमा नाहीच हो. लहानपणी बाळदमा होता, तो बाराव्या वर्षी गेला. नंतर नुसती धुळीची सर्दी. छापखान्यात कागदाची भुकटी असायचीच. एखाद्या हिवाळ्यात चार दिवस पंप ओढला की बरं वाटायचं."

मी नाडी पाहिली, ती ५० होती. स्टेथोस्कोप न लावताही घुरघुर ऐकू येत होती. मग मी बाटली उचलून काकांना रोजच्यासारखा थेंब घालून दाखवायला सांगितले. आत नुसते अश्रूंसारखे पाणी असलेली बाटली त्यासाठी दिली. त्यांनी मान मागे टाकली, पहिला थेंब पापणीवर पडला, दुसरा डोळ्यात गेला, आणि आत गेल्याची खात्री वाटेना म्हणून त्यांनी तिसरा घातला. मग जोरजोरात डोळे मिचकावले.

फाइलला मेडिकलची बिले टाचलेली होती. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब येतात. रोज दोन लागत असतील तर ती उघडल्यावर फेकून देण्याची मुदत संपेपर्यंत सहज पुरायला हवी. काका ती १८ दिवसांनी नवी घेत होते. म्हणजे रोज चार-पाच थेंब खर्ची पडत होते. डिसेंबरच्या भेटीतही यांतली दोन बिले फाइलमध्ये होती आणि मी ती उलटून पुढे गेले होते.

येथे थोडा हिशेब मांडायला हवा. टिमोलॉल ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. एका थेंबात ते ढोबळमानाने ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम असते. हा आकडा फारच लहान दिसतो. पण पापणीच्या आत मावते फक्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास, त्यामुळे दुसरा थेंब डोळ्याला काहीच जास्त देत नाही. तो गालावर ओघळतो किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातील बारीक छिद्रातून अश्रुनलिकेत आणि तेथून नाकात उतरतो. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात जाते. गोळीचे औषध आधी यकृतातून जाते आणि तेथे त्याचा मोठा भाग निकामी होतो. नाकातून गेलेल्या थेंबाला तो टप्पा लागत नाही. म्हणून एवढेसे औषधही श्वासनलिका आवळू शकते आणि ठोके मंद करू शकते. पंपातले सॅल्ब्युटामॉल ज्या जागी काम करते ती जागा टिमोलॉलने आधीच अडवलेली असते, म्हणून पंपही निष्प्रभ ठरत होता. हे नवे ज्ञान नाही. टिमोलॉल वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत श्वसनाच्या गंभीर त्रासाच्या नोंदी झाल्या होत्या, आणि आधी दमा नसलेल्या ज्येष्ठांतही या थेंबांनी श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात, असे ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात पुढे दिसले.

दुसरा निर्णय

मिश्र बाटली त्याच क्षणी बंद केली आणि एकही रात्र रिकामी जाऊ नये म्हणून नुसते लॅटानोप्रॉस्ट त्याच रात्रीपासून सुरू केले. फिजिशियनना काकांसमोरच फोन लावला. थेंब ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ती चिठ्ठी लिहून पाठवण्याचे काम माझे होते.

खरा पेच त्यापुढचा होता. टिमोलॉलच्या जागी दुसरे औषध लगेच सुरू करायचे, की थांबायचे? अनेक सहकाऱ्यांनी ब्रिन्झोलामाइड त्याच दिवशी लिहिले असते आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. मी तीन आठवडे थांबले. दाब २० वर काही आठवडे राहिल्याने होणारे नुकसान थोडे होते, आणि नवे औषध त्याच दिवशी घातले असते तर पुढे काही खालीवर झाल्यावर ते कशामुळे झाले हे कळले नसते. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता.

दहा दिवसांत काका रात्रभर झोपू लागले. श्वासाचा जोर फुंकून मोजायच्या नळीवरचा आकडा २६० होता, तो तीन आठवड्यांत ३९० झाला. नाडी ७० वर आली. फिजिशियननी नंतर केलेल्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीत, श्वासनलिकांतला औषधाने उघडणारा अडथळा स्पष्ट दिसला, म्हणजे दमा होता आणि तो बाराव्या वर्षी गेलेला नव्हता. दाब अपेक्षेप्रमाणे पुन्हा २० आणि १९ झाला.

आता प्रश्न पहिल्यासारखाच होता, पण काका बदललेले होते. त्यांना कोणताच नवा थेंब नको होता. "आहे तेवढंच राहू द्या," असे ते म्हणत होते. त्यांची भीती अगदी रास्त होती. मी फील्ड टेस्टचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तो काळा पट्टा मध्यबिंदूपासून किती जवळ आहे ते बोटाने दाखवले. छापील कागदावरची चूक ओळखणाऱ्या माणसाला अधिक सांगावे लागले नाही.

सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री करून ब्रिन्झोलामाइड दिवसातून दोनदा दिले. महिन्याने दाब १८ आणि १७. सकाळी थेंबानंतर दहा मिनिटे धूसर दिसते, म्हणून काका आता वर्तमानपत्र चहानंतर वाचतात. एप्रिलमध्ये दोन्ही डोळ्यांना लेझर केले. यात कोठे कापावे लागत नाही, पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीवर थोड्या मिनिटांत किरण सोडतात आणि रुग्ण चालत घरी जातो. जूनमध्ये दोन्ही डोळ्यांत दाब १५ होता. लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो, तेव्हा तो पुन्हा करता येतो, हेही त्यांना सांगितले आहे.

काय वेगळे करता आले असते

लेझरचा पर्याय मी ऑक्टोबरमध्ये एका वाक्यात सोडायला नको होता. ब्रिटनमधील २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत, सुरुवातच लेझरने केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय ठरवलेल्या मर्यादेत होता. "ऑपरेशनच ना?" या प्रश्नाला शांतपणे पाच मिनिटे दिली असती, तर कदाचित दुसऱ्या थेंबाचा प्रश्न उद्भवलाच नसता.

"दमा आहे का?" हा प्रश्न मी आता तसा विचारत नाही. कधी पंप ओढला होता का, लहानपणी बाळदमा होता का, थंडीत किंवा धुळीत छाती वाजते का, जिना चढताना थांबावे लागते का, असे विचारते. दमा हा शब्द अनेक घरांत अजून लपवला जातो. पंप एकदा सुरू झाला की सुटत नाही, या समजुतीने लोक तो आठवणीतूनही काढून टाकतात. शंका असेल तर टिमोलॉलआधी फिजिशियनचे मत घ्यायला दोन दिवसच लागतात.

थेंब घालण्याची पद्धत मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब, मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचा, आणि दुसरे औषध असेल तर मध्ये पाच ते दहा मिनिटे जाऊ द्यायची. कोपरा दाबल्याने रक्तात जाणारे औषध बरेच कमी होते. मात्र दमा असलेल्याला तेवढ्यावर विसंबून टिमोलॉल देता येणार नाही.

परिणाम

ऑगस्टमधील फील्ड टेस्टमध्ये पट्टा पुढे सरकलेला नाही. गेलेला भाग परत आलेला नाही आणि येणारही नाही. काकांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी तसेच सांगितले. आजार थांबला, असे म्हणायला आणखी काही तपासण्या हव्यात. उजवीकडे ओळ अजून मधूनच सुटते, त्यासाठी ते ओळीखाली पट्टी धरून वाचतात. पावसाळा ओसरल्यावर पर्वती पुन्हा सुरू झाली आहे, मध्ये एकदा थांबून.

त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'बीटा ब्लॉकर थेंब देऊ नयेत' असे लिहिले आहे आणि तेच लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. सप्टेंबरमध्ये नेहमीची बाटली संपली म्हणून एका दुकानदाराने त्यांना 'हे घ्या, सेमच आहे' म्हणत दुसरी दिली. नाव जवळजवळ तेच होते, पुढे फक्त एक अक्षर जास्त होते. काकांनी खोक्यावरची बारीक अक्षरे पट्टी धरून वाचली, त्यात टिमोलॉल सापडले, आणि चिठ्ठी दाखवून त्यांनी बाटली परत केली.